ओट्याखालचे हात

पहिलं माप

मी एक जुना पारा आहे. बीपी मोजायच्या यंत्रात, काचेच्या नळीत राहतो. सगळा मिळून दोन चमचेच होईन. पण चमच्यात घेतलात तर हात खाली ओढला जाईल इतका जड.

मित्रांनो, माझं आयुष्य एका कारखान्यात सुरू झालं. तिथे मला नळीत भरलं, नळीवर शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा मारल्या. तपासनीसाने मला चढवून पाहिलं, उतरवून पाहिलं आणि पेटीच्या झाकणावर 'बरोबर' अशी चिठ्ठी डकवली. ती चिठ्ठी मी जन्मभर मिरवली. तिथून मी बुलढाणा जिल्ह्यात आलो, अमडापूरच्या पुढच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात. त्याला आता बावीस वर्षं झाली. मधल्या काळात सेलवर चालणारी नवी यंत्रं आली. सेल संपले की ती मुकी व्हायची आणि कपाटात जायची. मग नर्सताई माझ्या पेटीवरची धूळ पुसत म्हणायच्या, "जुनाच पारा बरा. पारा खोटं बोलत नाही." ताई बदलल्या, वाक्य तेच राहिलं. पुढे गावही तेच म्हणू लागलं. मी ऐकायचो आणि नळीत ताठ उभा राहायचो. हजारो दंडांना मी त्यांचा खरा आकडा सांगितला. मी कधीच चुकलो नाही. मी

थांबा. हे माप सोडून द्या.

बीपी मोजताना पहिलं माप पुष्कळदा जास्त येतं. माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो, बोलत असतो. म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही, थोडं थांबून पुन्हा घ्यायचं. मी आत्ता जे सांगितलं तेही तसंच आहे, फुगलेलं. त्यातलं 'मी कधीच चुकलो नाही' हे वाक्य तर खोडूनच टाका. ते पुन्हा ऐकताना मला माझ्या नळीत उभं राहवत नाही.

पुन्हा घेतो.

दुसरं माप

आमचं उपकेंद्र गावाबाहेर आहे आणि तिथवर म्हातारी माणसं चालत येत नाहीत. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मला पेटीसकट गावात नेतात. बसायची जागा ठरलेली, उत्तमरावांचा ओटा. उत्तमराव म्हणजे गावातले जुने, मानाचे शेतकरी. सत्तरीचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. ओटा मोठा, सावली चांगली, कडेला विटांचा उंच कठडा.

पुरुष ओट्यावर खुर्चीत बसायचे. चहा व्हायचा, पिकाच्या गोष्टी व्हायच्या, मग कुणीतरी हात पुढे करायचा. कठडा खांद्याएवढा उंच. त्यावर दंड टाकून, ऐसपैस.

बायका खाली अंगणात उभ्या राहायच्या. ओट्यावर सासरे, चुलत सासरे, जेठ म्हणजे थोरले दीर बसलेले. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची आमच्याकडे रीत नाही. कुणी तसा नियम केलेला नव्हता आणि कुणी विचारलंही नव्हतं. नर्सताई ओट्याच्या कडेला टेकायच्या, मला शेजारी ठेवायच्या. समोर एकेक बाई येऊन उभी राहायची, डोक्यावर पदर, उजवा हात खाली सोडलेला. त्या लोंबत्या हाताला पट्टा गुंडाळला जायचा. बहुतेक जणी कापूस वेचून थेट आलेल्या. सकाळपासून लघवीला गेलेल्या नसायच्या. रांगेत पुढचीशी बोलणं चालूच.

पुरुषांचे आकडे चांगले यायचे. बायकांचे वाईट.

"बायका उगाच टेन्शन घेतात," आबा म्हणायचे. "आमचं पहा. एकशे अडतीस. मेहनतीचं शरीर हाये."

ओट्यावर हसू व्हायचं. बायकाही पदराआड हसायच्या. मलाही वाटायचं, असेल तसं. पारा खोटं बोलत नाही.

या आबांची सून सुचिता. वय अडतीस. तिचा नवरा रवी नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्याला घरी येणारा. सुचिता गावच्या शाळेत पोरांसाठी खिचडी रांधायची. तिला ते काम मनापासून आवडायचं. घराबाहेर तिचं म्हणून जे काही होतं ते तेवढंच. शंभर पोरं तिला नावाने ओळखायची. दोन वर्षांपूर्वी ती रांगेत उभी राहिली आणि मी एकशे पन्नासला पोचलो. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेवढाच.

"मले काई होत नाही, ताई," सुचिता म्हणाली. "डोकं दुखत नाही, काई नाही."

"होत नसते, म्हणूनच मोजा लागते," दीपमालाताई म्हणाल्या. दीपमालाताई म्हणजे आताच्या नर्स. अमडापूरच्या. मनाने चांगल्या, कामाला पक्क्या. "मशीन काऊन खोटं बोलन?"

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही मंगळवारचे आकडे पाहिले आणि रोज एक गोळी सुरू केली. पुढच्या महिन्यात मी एकशे बत्तीसवर थांबलो. "पहा, लागू पडली," ताई म्हणाल्या. "सोडू नको."

तिने सोडली नाही. पण खाली बसून उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तिने ते दोनदा सांगितलं. मी ते दोन्ही वेळा ऐकलं. ताईंनी विचारलं, जेवतेस का नीट. आबा वरून म्हणाले, "बीपीचा पेशंट म्हणल्यावर चक्कर येनच." चक्कर गोळीने येत असेल हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण आकडा तर ठीक होता. तो आकडा माझा होता.

मागच्या डिसेंबरात शाळेत ती चुलीपाशी बसून उठली आणि तोल गेला. खिचडीचा गंज, म्हणजे आमच्याकडे मोठ्या पातेल्याला म्हणतात तो, तिच्या डाव्या हातावर कलंडला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं. एक पोरगं अगदी जवळ उभं होतं. ते वाचलं, पण गावात बोलणं झालं. मुख्याध्यापिका महामाया मॅडम घरी आल्या. आबांनी त्यांना सुनेला विचारू न देताच सांगून टाकलं, "नाही येणार ते आता. बीपीची बाई आगीजवळ कशाले?" तिच्या जागी गावातल्याच जनकाबाई लागल्या.

पुढच्या मंगळवारी सुचिता आली तेव्हा डावा हात पट्ट्यांत बांधलेला होता. उजवा तिने नेहमीसारखा खाली सोडला. मी त्याचा आकडा सांगितला. मित्रांनो, मी नेहमीसारखाच ताठ उभा होतो.

तिसरं माप

फेब्रुवारीत तालुक्याला नर्सताईंचं प्रशिक्षण होतं. येताना आपापलं यंत्र तपासायला आणा म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मीही गेलो. शिकवणारे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी मला दुसऱ्या यंत्राशी जोडून पाहिलं आणि म्हणाले, "बावीस वर्षांचा आहे? एका रेघेचाही फरक नाही." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग त्यांनी दीपमालाताईंनाच पुढे बोलावलं. खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पाच मिनिटं बोलू दिलं नाही. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. माप घेतलं. मग हात मांडीवर ठेवायला लावून घेतलं. मग नुसता खाली सोडून. एकाच बाईचे तीन आकडे आले.

"अलीकडेच हे नीट तपासून पाहिलंय," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ माणसं घेतली, हाताची जागा तेवढी बदलली. हात लोंबता असला तर वरचा आकडा सरासरी सहा-सात अंकांनी जास्त येतो. मांडीवर असला तरी चार. हा फक्त हात. त्यात माणूस उभा असेल, लघवी तुंबली असेल, बोलत असेल, तर आणखी चढतो. आणि हात छातीच्या वर असला, तर उलटं. आकडा खोटाच कमी दिसतो."

कुणीतरी विचारलं, "एवढ्याने काय होते सर?"

"नको त्याला गोळी मिळते आणि हवी त्याला मिळत नाही. हे हाताचं दुखणं नाही. वाढलेला दाब वर्षानुवर्षं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहतो, काही न दुखता. तो वेळेवर आवरला तर म्हातारपणीचं विसरणंही कमी होतं, असं आता दिसायला लागलंय. म्हणून सांगतो, पारा बरोबर असून भागत नाही. हात कुठे आहे ते पाहा."

बाकीच्या ताया वहीत उतरवून घेत होत्या. दीपमालाताईंचं पेन थांबलं होतं. परतीच्या एसटीत त्यांनी माझी पेटी सीटखाली ठेवली नाही, मांडीवर धरली. दोन्ही हातांनी. चिखली मागे पडल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "उभ्यानं. सगळ्याजणी उभ्यानं." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बरोबर असणं आणि खरं सांगणं या दोन गोष्टी आहेत. झाकणावरची ती 'बरोबर'ची चिठ्ठी आतल्या बाजूला, कुणाला न दिसेल अशी असती तर बरं झालं असतं.

दुसरा मंगळवार आला. तोच ओटा, तीच रांग. ताई ओट्याच्या कडेला टेकल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"आबा, एक खुर्ची खाली द्या. अन् ते स्टूलही."

"तुम्हाले बसाले?"

"नाही. सुचिताले."

ओट्यावर कुणीतरी खाकरलं. आबा म्हणाले, "सून आमच्यासमोर खुर्चीवर बसन? आतापर्यंत उभ्यानं मोजलं ते काय झूट होतं?"

"हाव," ताई म्हणाल्या. "झूट होतं."

सुचिता मागे सरकली. "नको ताई. मी अशीच बरी."

रांगेत झुंबरबाई होत्या, पासष्टीच्या, तोंडाने फटकळ. त्या पुढे झाल्या, ओट्यावरची रिकामी खुर्ची स्वतःच ओढून अंगणात आणली आणि तिची पाठ ओट्याकडे फिरवली. "बस वं माय. खुर्चीले काटे नाहीत. अन् आबा, तुम्हाले तिचं तोंड दिसत नाही, म्हणजे ते बसलीच नाही समजा."

बायका हसल्या. ओट्यावरचाही एकजण हसला. ताईंच्या सांगण्यावरून सुचिता आधी आत लघवीला जाऊन आली, मग खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. ताईंनी तिला मागे टेकायला लावलं, पाय जमिनीवर ठेवायला लावले, स्टुलावर घडी केलेली चादर ठेवून त्यावर तिचा उजवा हात ठेवला. मग पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही असं सांगितलं. आमच्या गावात पाच मिनिटं फार मोठी असतात. तिचा श्वास आधी भरभर चालला होता, मग हळू झाला.

फुगा दाबला. मी चढलो. मग उतरू लागलो. ज्या रेघेवर पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा.

१८०. काही नाही.

१५०. दोन वर्षांपूर्वी याच रेघेवर तिचा पहिला ठोका ऐकू आला होता. आज शांतता.

१४०. काही नाही.

१३२. 'लागू पडली' म्हणाले होते ती रेघ. इथेही शांत. ताईंनी स्टेथोस्कोप कानात घट्ट केला.

१२०. मला वाटलं, आता तरी.

१०८. ठक्.

ठोके चालू राहिले, ६८ ला थांबले.

थोडं थांबून ताईंनी पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा. दोन-चार रेघा इकडेतिकडे. एवढ्या खाली तिचा खरा वरचा आकडा, गोळी घेऊन, दोन वर्षं. उठली की अंधारी येणारच होती.

आबांना ते पाहवेना. "आता माह्यं घ्या. तसंच, टेबल-फिबल लावून. पाहू काय फरक येते."

ताईंनी त्यांचा हात कठड्यावरून उचलला आणि छातीच्या पातळीला आणला. मी एकशे छप्पन्नला थांबलो. दुसऱ्यांदा एकशे चोपन्न. तिसऱ्यांदाही एकशे चोपन्न.

"मशीन बिघडलं," आबा म्हणाले.

"मशीन तेच हाये, आबा. फक्त हात खाली आला. आठ दिवसांनी अजून एकदा पाहू, मंग डॉक्टर सांगतीन. तुम्हाले गोळी लागन बहुतेक."

"म्हणजे सुनेच्या गोळ्या मी खाऊ?"

"तिच्या नाही. डॉक्टर तुमच्या वेगळ्या देतीन."

कुणी हसलं नाही. गेलं वर्षभर आबा चष्मा कुठेतरी ठेवायचे आणि सुनेनं लपवला म्हणायचे, एकच गोष्ट दोनदा विचारायचे. हे ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते दाबामुळेच होतं असं मी म्हणणार नाही. छातीठोक बोलायची माझी खोड मोडली आहे. पण एकाच घरात एकीला नको असताना गोळी मिळाली आणि एकाला हवी असताना मिळाली नाही, आणि दोघांनाही मीच, एकाच सकाळी, त्याच रेघांवरून सांगत होतो, एवढं खरं.

दीपमालाताई सुचितासमोर उकिडव्या बसल्या. सगळ्यांच्या देखत. "चूक माही झाली. उभ्यानं मोजलं मी. तू सांगत होती ते ऐकलं नाही. गोळी आजच्या आज सोडू नको, उद्या माझ्यासंग डॉक्टरकडे चल, ते सांगतीन तशी बंद करू."

सुचिता डाव्या हाताकडे पाहत होती. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अजून गुलाबी, ताणलेली होती. मला वाटलं ती रडेल, किंवा रागावेल. ती म्हणाली, "हे शाळेत सांगान का, ताई?"

त्या दोघी तशाच शाळेत गेल्या. मी ताईंच्या पिशवीत होतो. महामाया मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, बीपी आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. आता नाही असंही तुम्हीच सांगता."

"हाव मॅडम. दोन्ही मीच सांगितलं. पहिलं चुकलं."

"पण जागा भरली. जनकाबाईंना जूनपर्यंत ठेवलंय. त्यांनाही गरज आहे. त्यांना काय सांगू, निघ म्हणून?"

स्वयंपाकखोलीतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. आत जनकाबाई ऐकत असणार.

"नाही, नाही," सुचिता म्हणाली. "त्यायले काढू नका. जूनले विचारान का मले?"

"विचारीन," मॅडम म्हणाल्या. देईन म्हणाल्या नाहीत.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन धावत आली. दोघं-तिघं सुचितापाशी थांबली, एकीने तिच्या हाताला बोट लावून विचारलं, दुखते का. सुचिता नाही म्हणाली. मी पिशवीत होतो, अंधारात. मला बाहेर काढू नये असंच वाटत होतं.

त्या महिन्यात दीपमालाताईंनी गावातल्या एक्केचाळीस बायकांचं माप पुन्हा घेतलं, बसवून. काहींचा दाब खरंच जास्त निघाला, त्यांच्या गोळ्या चालू राहिल्या. तिघींच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. सुचिता त्यातली एक. आता गोळीशिवाय ती एकशे चोवीसच्या आसपास असते. आबांचा आठ दिवसांनीही चढाच निघाला. त्यांना रोज सकाळी गोळी असते आणि ती घ्यायची ते विसरतात. सुचिता पाण्याचा गिलास घेऊन ओट्याशी उभी राहते. "आबा, गोळी." ते घेतात. तिच्याकडे पाहत नाहीत. शाळेबद्दल बोलत नाहीत. जून अजून यायचा आहे.

मलाही आता फार दिवस नाहीत. नळी फुटली तर माझी वाफ विषारी असते, म्हणून माझ्यासारखे सगळे पारे गोळा करून नेणार आहेत. ते योग्यच आहे. मला जपा, पुसून ठेवा, असं सांगायला मी तोंड उघडलेलं नाही.

मित्रांनो, माझ्या जागी येणारं यंत्र अचूक असेल. मीही होतो. कुणाचा दाब मोजायचा झाला तर आधी त्याला बसायला जागा द्या, हाताला टेकू द्या, पाच मिनिटं शांतता द्या. आणि आज घरी गेलात की एवढं पाहा, घरात खुर्च्या किती आहेत आणि आई कुठे बसते. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही, किंवा म्हणाली, मला अंधारी येते, तर आकडा काहीही सांगो, तिचंही खरं धरून चला. दोन्ही जुळत नसतील तर पुन्हा मोजा.

सुचिताचं म्हणणं मला ऐकूच आलं नाही, पाऱ्याला कुठे कान असतात, असं सांगून मी सुटलो असतो. पण मी सगळं ऐकत होतो.